चिखलापासून वीतभर वर

माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं नाहीशी व्हायला लागली, तेव्हा मी पहिला संशय थोरल्या जावेवर घेतला. ती चोरटी होती असं नाही, पण माझी कुठलीही वस्तू आपलीच आहे असं समजून वापरायची तिला सवय होती. माझा कंगवा, माझ्या टिकल्यांची पाकिटं, माझी नवी चप्पल. तेव्हा बटणंही तिनंच घेतली, असं धरून मी काही दिवस तिच्याशी तोंड फुगवून वागले. मग एका सकाळी मोरीत कपडे धुताना सासऱ्यांच्या बंडीच्या खिशातून माझी बटणं निघाली. सदऱ्याची पांढरी बटणं, एक गंजका गळ आणि त्या सगळ्याला चिकटलेलं काहीतरी राखाडी, लिबलिबीत, खवल्याखवल्यांचं. वास असा की मला तिथंच ओकारी आली. बंडी मी काठीच्या टोकावर उचलली आणि पुन्हा पाण्यात टाकली.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात खांद्याला नुसता लटकायचा, पाय ओढत चालावं लागायचं, तोंड एका बाजूला उतरलेलं आणि त्या कोपऱ्यातून सारखी लाळ गळायची. बोलणं घशातच घोळायचं. अशा माणसाच्या खिशात गळ कशाला, आणि माझी बटणं कशाला? विचारायला गेले, तर त्यांनी डाव्या हातानं ओली बंडी माझ्याकडून हिसकावून घेतली, खिसे चाचपले, शिवी घातल्यासारखा आवाज काढला आणि काठी टेकत निघून गेले.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. आमचं गाव कोल्हापूर सोडलं की लगेच लागतं. घरात थोरले दीर आणि जाऊ, त्यांची पोरं, आम्ही दोघं नवराबायको आणि मामा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. थोरले दीर शेती आणि म्हशी बघायचे, माझा नवरा एमआयडीसीत लेथवर कामाला होता, आणि मी पुढच्या सोप्यात खिडकीशी मशीन मांडून बायकांची झंपरं आणि पोरांचे शाळेचे सदरे शिवायचे. माझं माहेर शिरोळकडचं, माळकरी. रस्त्यात अंड्याचं टरफल दिसलं तरी आई नाकाला पदर लावायची. सासरी मात्र वशाट, म्हणजे मटण नाहीतर मासे, दर बुधवारी-रविवारी ठरलेलं. मी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं की भाकऱ्या मी सगळ्यांच्या थापीन, पण वशाटाच्या भांड्याला बोट लावणार नाही. जावेनं नाक मुरडलं, पण मामा म्हणाले होते, "तिला जमत न्हाय तर न्हाय. भाकरी चांगली करती की पोरगी." तेव्हा ते धडधाकट होते आणि त्यांच्या शब्दापुढं कुणी बोलत नसे.

त्या घरातली एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. रात्रीचं जेवण स्वयंपाकघरात सगळ्यांनी एका ओळीत बसून करायचं, बायकांनीसुद्धा. आमच्या माहेरी इतकं देवाधर्माचं वातावरण, पण आई मात्र सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपाशी बसून गार भात खायची. इथं ही रीत मामांनीच पाडलेली. शिजवणारीनं मागनं शिळं का खायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच ओळीतली आणखी एक रीत होती. गावाखालच्या तळ्यातली मरळ जो घरात आणील, त्याचं पान त्या दिवशी पहिलं. माशाचं डोकं त्याच्या ताटात. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय बाकी कुणी अन्नाला हात लावायचा नाही. मरळ म्हणजे त्या तळ्यातला राजा मासा, सहजी न सापडणारा. बहुतेक वेळा ती मामाच आणायचे, त्यामुळं ही रीतही त्यांनी स्वतःच्या सोयीची पाडली असावी, असं मला वाटायचं.

वारं गेल्यानंतर थोडे दिवस मामा ओळीत बसले. डाव्या हातानं घास उचलायचे, अर्धा तोंडात जायचा, अर्धा लाळेबरोबर ताटात परत यायचा. एका रात्री जावेनं त्यांचं ताट उचललं आणि सरळ सोप्यात नेऊन ठेवलं. "बाहीर वारं हाय, मोकळं बसून जेवतील," एवढंच म्हणाली. थोरल्या दिरांनी मान खाली घातली. माझ्या नवऱ्यानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो खूप वेळ तसाच बुडवत राहिला. मलाही त्या लाळेची किळस यायची, उगाच साळसूदपणा कशाला करू. पण मी परक्या घरातून आलेली, आणि हे दोघे त्यांच्या पोटचे मुलगे. कोंबडीची मान हातानं पिरगाळणारे, बकऱ्याची आतडी उलटी करून धुणारे. त्यांना बापाची लाळ बघवेना. त्या दिवसापासून मामा सोप्यात एकटे जेवायला लागले, आणि अर्धं ताट कुत्र्याला घालायला लागले.

बटणं सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मशीन बंद करून त्यांच्या मागं गेले.

तळं गावाच्या खालच्या अंगाला. म्हशी धुवायला तेच, कपडे धुवायला तेच, गणपती बुडवायला तेच. काठावर निर्माल्याच्या पिशव्या कुजत पडलेल्या, चिकनवाल्यांनी टाकलेली पिसं पाण्याच्या कडेला पांढऱ्या फेसासारखी जमलेली. पाण्याचा रंग काकवीसारखा. मी नाकाला पदर लावून वडाच्या बुंध्याआड उभी राहिले. मामा दगडावर बसले होते. शेजारी काचेची बरणी, तिच्यात माझ्याच भाकरीचा चुरा आणि बोटाएवढे जिवंत मासे. मांडीवर तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा. त्यांनी बरणीत डावा हात घातला, एक मासा पकडला आणि तोंडात घातला.

म्हणजे दातांत धरला. डोकं आत, शेपटी बाहेर. शेपटी वळवळत होती. लाळ आणि माशाचा बुळबुळीत चिकटा एक होऊन हनुवटीवरून बंडीत उतरत होता, आणि मामा शांतपणे डाव्या हातानं गळाची गाठ ठीक करत होते.

"मामा!" मी अशी किंचाळले की पलीकडं धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. "थुका! थुका आधी ते!"

ते दचकले नाहीत. मासा तोंडातून काढून मुठीत धरला आणि माझ्याकडं बघत, अडखळत, एकेक शब्द ओढून काढत बोलले. त्यांचं बोलणं मला तेव्हा नुकतंच कळायला लागलं होतं.

"एक हात मेलाय. दुसऱ्यानं दोरा धरायचा. मग मासा कशात धरू? कानात?"

मी पुढं गेले. तो मासा त्यांच्या तोंडात परत जाताना बघणं आणि तो माझ्या हातात धरणं, यात मला दुसरं कमी घाण वाटलं. म्हणून मी हात पुढं केला. कुणी याला सेवा म्हणू नये. मी स्वतःच्या डोळ्यांना वाचवत होते.

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. गार, ओला, आणि मुठीत धडधडणारा. मी दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलं. आयुष्यात मी कधी मासा हातात घेतला नव्हता, आणि पहिला घेतला तो सासऱ्याच्या लाळेत भिजलेला.

बटणांचं कोडं तिथं उलगडलं. आधी दोऱ्यात एक नट ओवायचा. नट माझ्या नवऱ्याच्या पेटीतला, बापानं गुपचूप घेतलेला. नटाच्या खाली सदऱ्याचं बटण. बटणाच्या भोकांतून दोरा उलटसुलट फिरवून आवळला की नट त्याच्या खाली उतरत नाही, पण वर मोकळा सरकतो. बटणाच्या खाली हातभर दोरा आणि टोकाला गळ. पाण्यात टाकलं की नट जाऊन तळाला बसतो आणि मासा त्याच्याभोवती हातभर फिरत राहतो. मरळीनं मासा धरून ओढ घेतली तर दोरा नटातून नुसता सरकत जातो. तिला वजन लागत नाही. वजन लागलं तर ती थुंकून देते.

"थंडीत मरळ वर येत न्हाय," मामा म्हणाले. "तळाला बसती. तिच्या तोंडाम्होरं न्हेऊन द्याय पायजे."

पण आमच्या तळ्याचा तळ म्हणजे गुडघाभर कुजका चिखल. गळाचा मासा जीव वाचवायला त्यात घुसला, तर मरळीला दिसणार कसा? त्यासाठी गळाच्या जरा वर हवाई चपलेचा नखाएवढा तुकडा बांधायचा. ती चप्पलही माझीच निघाली. जाऊ इथंही निर्दोष होती. चपलेचा तुकडा माशाला वर ओढतो, नट खाली धरून ठेवतो, आणि मासा चिखलापासून वीतभर वर, तिथंच जिवंत लटकत राहतो. तळातल्या कचऱ्यात दोरा अडकून तुटला की नट, बटण, गळ सगळंच जायचं. म्हणून माझा डबा रिकामा होत होता.

गळ माशाच्या पाठीतून घालायचा, कातडीखालून, मधल्या काट्याला धक्का न लावता. काटा दुखावला की मासा मरतो, आणि मेलेल्या माशाला मरळ विचारत नाही. मी मासा धरून ठेवला, त्यांनी डाव्या हातानं गळ घुसवला. किर्र असा बारीक आवाज झाला, तो मला दातांत ऐकू आला. कातडी फाटून लालसर पाणी माझ्या बोटावर आलं, आणि मी काय केलं, तर कमरेच्या पिशवीतली हळदीची पुडी काढून त्या भोकावर चिमूटभर हळद दाबली.

शिवणकामात रोज सुई लागायची, म्हणून पुडी माझ्याजवळ असायचीच. रक्त दिसलं की हळद, एवढंच हाताला माहीत. मामा त्या पिवळ्या माशाकडं बघत राहिले. मग त्यांच्या घशातून कसलातरी आवाज निघायला लागला. मी घाबरले, वाटलं पुन्हा वारं गेलं. ते हसत होते. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"फोडणी हितंच घालतीस व्हय?" ते म्हणाले, आणि लाळेचा एक ओघळ माझ्या पायावर पडला.

मग मी रोज दुपारी जायला लागले. गिऱ्हाइकांना सांगायचे, सासऱ्यांना फिरवून आणते. ते ऐकून बायका माझं कौतुक करायच्या, आणि मला त्याचाही राग यायचा. मला ते काम कधीही आवडलं नाही. माणसाला कशाचीही सवय होते असं म्हणतात, मला नाही झाली. हाताला शिकेकाई लावली, लिंबू चोळलं, राख चोळली, तरी भाकरी थापताना पिठातून तो वास यायचाच. बरणीतला एखादा मासा मेला की पोट वर करून तरंगायचा, आणि बाकीचे त्याचे डोळे कुरतडायचे. गळ वर ओढला की कधी त्याला निर्माल्यातला कुजका हार यायचा, कधी न्हाव्यानं टाकलेल्या केसांचा पुंजका, शेवाळानं भरलेला. एकदा कुणा बाईची फाटकी बॉडी आली, झंपराच्या आत घालायची. मामांनी ती काठीनं परत पाण्यात ढकलली आणि दुसरीकडं बघत बसले. मी संतापून म्हटलं, "ह्या असल्या पाण्यातलं तुम्ही खाणार?"

"मी कुठं खातोय?" ते म्हणाले.

"मग कशाला चाललंय हे सगळं?"

त्यांनी दोरा बोटावर ताणून धरला होता, तळातली हालचाल बोटाला कळावी म्हणून. मग पाण्याकडंच बघत म्हणाले, "मरळ घावली की पान आत लागंल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हा माणूस रोज पाय ओढत चिखलात येत होता, तोंडात जिता मासा धरत होता, ते स्वतः बांधलेल्या घरात, स्वतः पाडलेल्या ओळीत परत बसायला मिळावं म्हणून. जेवायला बोलवा असं स्वतःच्या मुलांना सांगायची त्यांना लाज वाटत होती. रीत मात्र रीत होती. मरळ आणणाऱ्याला पहिल्या पानावर बसवावंच लागतं, तिथं कुणाची मर्जी चालत नाही, असा त्यांचा हिशेब. मला मुलांची चीड आली, आणि खरं सांगायचं तर मामांचीही आली. ओरडायचं होतं, ताट फेकायचं होतं. असं गुपचूप मासे कसले धरत बसता?

रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "मामांना आत जेवायला घ्या."

"वहिनीला आवडत न्हाय," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

"पोरं असत्यात गं जेवायला. त्यांस्नी अन्न जात न्हाय." आणि कूस बदलली. पोरांना अन्न खुशाल जात होतं. ती उलट आजोबांच्या ताटातले शेंगदाणे पळवायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी अस्तराचं कापड आणायला कोल्हापुरात गेले होते. परत यायला उशीर झाला, उन्हं उतरली होती. मामा घरात नव्हते. मी पिशवीसकट तशीच तळ्यावर गेले. मी येईपर्यंत थांबा असं त्यांना बजावलं होतं, पण ते थांबले नव्हते. दगडावर बसले होते आणि ओठांतून शेपटी वळवळत होती. माझी शिसारी पुन्हा पहिल्याइतकीच ताजी. मी तोंड फिरवून उभी राहिले. मागं गळ लावल्याचा, मग नट पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"झालं का?" मी विचारलं.

वळून बघते तर दोरा त्यांच्या मेलेल्या मनगटाला गुंडाळलेला होता. खुंटीला बांधावा तसा. आणि तो सरकत होता, सावकाश, न थांबता, तळ्याच्या मध्याकडं. मामा वाट बघत होते. नटातून दोरा जाऊ देत होते, तिला मासा पुरता गिळू देत होते. मग त्यांनी डाव्या हातानं जोरात हिसका दिला.

पुढचं सगळं घाईत झालं. दोरा ताणला, मनगटात रुतला, रक्त आलं आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. ते दगडावरून पुढं ओढले जायला लागले. मी पिशवी टाकली आणि दोरा धरला. साडी, चप्पल, सगळ्यासकट त्या घाणीत गुडघ्यापर्यंत उतरले. पायाखाली चिखल नव्हता, कसलातरी मऊ, कुजलेला गाळ होता, पिशव्यांचा आणि कपड्यांचा. मी रडत होते, शिव्या देत होते, माहेरी कुणाला माहीत नसेल अशा शिव्या. आणि ओढत होते. मरळ वर आली. सापाचं डोकं, माणसाच्या दंडाएवढं अंग, अंगावर काळपट पट्टे, आणि तोंड उघडं. इतकी ओंगळ वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. मामांनी तिच्यावर आपलं सगळं अंग टाकलं.

दुसरी पिशवी नव्हती. माझं नवं अस्तर खांद्यावर टाकलं आणि मरळ त्या पिशवीत घातली. मरळ लवकर मरत नाही. घरी येईपर्यंत ती माझ्या मांडीवर थडाथडा आपटत होती. चावडीपाशी बसलेल्यांनी विचारलं, "काय मामा, मरळ व्हय?" मामांनी मला थांबवलं, पिशवीचं तोंड उघडायला लावलं आणि प्रत्येकाला दाखवली. तो माणूस त्या दिवशी काठी जवळजवळ टेकत नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली. इस्त्रीचा सदरा मागितला. बटणं मी लावून दिली. त्यांनी एक स्वच्छ टॉवेल घेतला, त्याची घडी केली आणि तोंडाच्या उतरलेल्या कोपऱ्याशी धरून बघितली.

"असा धरतो," ते म्हणाले. "सांग तिला. गळणार न्हाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. जाऊ राखेत मरळ घोळवून तिची कातडी ओढत होती. ती नुसतं "हं" म्हणाली. मरळ मात्र तिनं मन लावून शिजवली. चटणीचा नाकात झोंबणारा खाट घरभर सुटला, थोरले दीर दोनदा चुलीपाशी डोकावून गेले. मी भाकऱ्या थापल्या आणि ओळीत पहिला पाट मामांसाठी मांडला. तो मांडताना मी अगदी खूश होते. म्हटलं, सुटलो. उद्यापासून तळं नको, बरणी नको.

जावेनं ताट वाढलं. मरळीचं डोकं त्यात ठेवलं, वरून रस्सा घातला. आणि ताट उचलून सोप्यात नेऊन ठेवलं. परत येऊन पहिला पाट पायानं भिंतीकडं सरकवला आणि पोरांना म्हणाली, "बसा रे."

"त्यांचं पान आत लावायचं होतं," मी म्हटलं.

"डोकं दिलंय की त्यांस्नी," थोरले दीर म्हणाले. त्यांच्या तोंडात पहिला घास गेलासुद्धा होता. "आणि काय पायजे?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो काटे काढत होता. फार बारकाईनं काढत होता.

मग माझं डोकं फिरलं. मी उभ्या उभ्याच, भाकरीची टोपली हातात घेऊन सांगितलं. "ही मरळ ज्या माशाला घावली, तो मासा मामांनी आपल्या तोंडात धरलावता. दातात. ह्या हनुवटीवरनं लाळ गळत होती, मी बघत होते. तोंडातनं काढला आणि तसाच गळाला लावला. तो हिनं गिळला. आता तुम्ही हिला खावा. चांगली लागती न्हवं?"

सगळ्यांचे हात थांबले. थोरली जाऊ तोंडाला पदर लावून मोरीकडं गेली. थोरल्या दिरांनी ताटातच पाणी ओतून हात धुतला, ताटभर रस्सा तसाच सोडून. मला वाटलं, आता तरी माझा नवरा उठेल. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "जेवताना असलं बोलत्यात व्हय?"

तळ्याच्या तळातून मी काय काय ओढून काढलं होतं, पण इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती. मी माझं ताट उचललं आणि सोप्यात गेले.

मामा भिंतीला टेकून बसले होते. टॉवेल तोंडाशी धरलेला. ताटातलं डोकं जसंच्या तसं, रस्सा निवून वर तेल गोठलेलं. त्यांनी हात लावला नव्हता.

"जेवला न्हाईसा?" मी विचारलं.

"आत बसली न्हवं समदी?"

"बसली."

"माझ्या घासाआधी हात लावला?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण दिरांचं खरकटं ताट मोरीत आपटल्याचा आवाज तेवढ्यात आला, आणि मी म्हटलं, "लावला."

त्यांनी मान हलवली. टॉवेल बाजूला ठेवला. डाव्या हातानं डोक्यामागचा तुकडा मोडला, तोंडात घातला. अर्धा आत गेला, अर्धा सदऱ्यावर पडला. इस्त्रीच्या सदऱ्यावर तांबडा ओघळ उतरला. मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला, अंगठ्यानं काटे चाचपून काढले, आणि तो हात माझ्यापुढं धरला. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत गळत होता, बोटांना त्यांची लाळ लागलेली होती. मी खात नाही हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"आता तू," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. गिळगिळीत, गार, आणि तिखटाच्या आतून तळ्याचाच वास. बारीकसा काटा हिरडीत टोचला. घशाशी आलं, मी परत आत ढकललं, पुन्हा आलं, पुन्हा ढकललं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण गिळलं. त्यानंतर मी पुन्हा कधी वशाट खाल्लं नाही.

मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. "कसं हाय?"

"घाण हाय, मामा."

ते इतके हसले की तोंडातला घास माझ्या साडीवर उडाला. आत कुणीतरी भांडं ठेवायचं थांबलं आणि ऐकत राहिलं. मी त्यांच्या टॉवेलनं आधी त्यांचं तोंड पुसलं, मग माझी साडी पुसली, माझी भाकरी त्यांच्या ताटात कुस्करली आणि म्हटलं, "आता पुढचं तुमचं तुम्ही खावा."